मडफ्लॅप लावूनही गाडीची पाठ का माखते?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा ज्यांच्या गावात रेंज जाते-येते, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले "म्हणजे", "तर मग" थोडे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.

विषय ऐकायला फालतू वाटेल. गाडी मागून घाण का होते? पण हा प्रश्न मला का पडला ते आधी सांगतो.

मी निमगाव केतकीचा. इंदापूर तालुका, पानमळ्यांचं गाव. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो म्हणून तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी नाव ऐकलं असेल. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची. दोन वर्षांपूर्वी मी एक सेकंडहँड मिनीबस घेतली, सीटा काढल्या, दोन बाक, पाण्याची टाकी, शेगडी, पंखा असं सगळं बसवलं. आरटीओत रीतसर नोंद करून घेतली, ती एक वेगळीच कथा आहे, कधीतरी सांगेन. घरात सगळे त्या गाडीला "डबा" म्हणतात. दिसतेही तशीच. चौकोनी, उंच, मागून सपाट.

नोव्हेंबरच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही अकलूजहून निमगावला परत येत होतो. मी चालवतोय, आई मागच्या बाकावर. अवकाळी पाऊस होऊन गेलेला. कारखान्यांची धुराडी नुकतीच पेटलेली, त्यामुळे उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर उतरलेले. ट्रॅक्टर रानातून वर येतो तेव्हा टायरला चिकटलेली काळी माती सोबत आणतो आणि दोन-तीनशे मीटर डांबरावर सांडत जातो. वरून पाऊस पडला की त्याचा रबडा होतो. अंधार पडला होता. पुढे एक ट्रॉली हळू चाललेली, म्हणून मीही वेग कमी केला. आणि मागून ब्रेकचा असला आवाज आला की माझे हातच थंड पडले. दुधाची एक पिकअप आमच्यापासून दोन-तीन हातांवर येऊन तिरकी थांबली होती.

ड्रायव्हर खाली उतरला. मला वाटलं आता शिव्या खायच्या. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, मागचे दिवे बंद हायेत तुमचे."

दिवे बंद नव्हते. मी मागे जाऊन बघितलं. दिवे चालू होते, ब्रेकलाईटही लागत होता. पण त्यावर चिखलाचा इतका जाड थर बसला होता की आत कुठेतरी लालसर काहीतरी आहे एवढंच कळत होतं. नंबरप्लेट तर भिंतीसारखी सपाट झालेली. मी खिशातल्या रुमालाने दिवे पुसले. आईने आतून विचारलं, "काय झालं रं?" मी म्हणालो, "काही नाही."

साठच्या वेगाने येणाऱ्या माणसाला पुढचं वाहन दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात त्याची गाडी २५ मीटर पुढे आलेली असते. ब्रेक लागायच्या आधीच. माझे दिवे त्याला किती मीटरवरून दिसले असतील, हा हिशोब मी त्या रात्री झोप येईपर्यंत करत होतो.

आता तुम्ही म्हणाल, मडफ्लॅप लाव की! मडफ्लॅप होते. नवेकोरे. चांगल्या जाड रबराचे. म्हणूनच तर मी चक्रावलो.

सायकलवाला पट्टा

शाळेत असताना मागचं मडगार्ड निघालेल्या सायकलवरून पावसात कोण गेलंय? मी गेलोय. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा उमटतो आणि घरी गेल्यावर धपाटा मिळतो. हा चिखल उडण्याचा सगळ्यात साधा प्रकार. चाक फिरतं, पाणी टायरला चिकटून वर येतं आणि मग चिकटून राहणं जमेना झालं की सुटून सरळ रेषेत जातं.

किती जोरात? डब्याच्या टायरची त्रिज्या साधारण ३५ सेंटीमीटर. ताशी ८० च्या वेगाला टायरवरच्या थेंबाला जागेवर धरून ठेवायचं असेल तर त्याच्या वजनाच्या सुमारे १४० पट जोर लागतो. पाण्याची चिकटण्याची ताकद तिथे कुठे पुरणार? थेंब तुटतो, फुटतो, उडतो. हाच हिशोब ५० च्या वेगाला केला तर आकडा १४० वरून ५५ च्या आसपास येतो. वेग निम्म्यालाही आणला नाही, पण जोर निम्म्याहून कमी झाला, कारण इथे वेगाचा वर्ग लागतो. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

आता सायकलवर मडगार्ड बसवलं की प्रश्न संपतो. गाडीला मडफ्लॅप लावला की का संपत नाही? शिवाय गाडीचं बघा, चाक चिखल फेकतं ते मागे, म्हणजे गाडीपासून लांब. गाडीची पाठ तर चाकाच्या वर आणि पुढे पळतेय. मागे फेकलेला चिखल परत येऊन पाठीलाच कसा लागतो? मला आधी वाटायचं की शेजारून जाणाऱ्या ट्रकांनी उडवलेला असणार. तसं नाही. रिकाम्या रस्त्यावर एकटी गाडी चालवून बघा. आपली पाठ आपणच माखतो.

आडोसा स्वच्छ नसतो

उत्तर मला भौतिकशास्त्राच्या पुस्तकाआधी आमच्या पानमळ्यात मिळालं. मळ्याला वाऱ्यापासून जपावं लागतं, म्हणून भोवती दाट झाडं किंवा ताटी असते. वारा सुटला की पाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या कुठे गोळा होतात? जिकडून वारा येतो त्या बाजूला नाही. पलीकडे, आडोशाला. वारा अडथळ्यावरून आणि बाजूने वळून जातो आणि त्याच्या पाठीमागे गोल गोल फिरायला लागतो. त्या भोवऱ्यात जे सापडलं ते बाहेर निघत नाही.

गाडी म्हणजे चालता अडथळा. हवा छतावरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून येते. सेडान गाडी असेल तर मागची काच उतरती असते, हवा बऱ्यापैकी त्या उतारावरून चिकटून जाते आणि डिकीच्या टोकाला सुटते. म्हणून सेडानची काच त्यामानाने स्वच्छ राहते आणि डिकीचा उभा भाग माखतो. हॅचबॅकला मागे वायपर असतो आणि बहुतेक सेडानला नसतो, त्याचं मोठं कारण हेच आहे. आणि डब्यासारखी गाडी असेल तर? पाठ अशी कापल्यासारखी सरळ. हवेला वळायला जागाच नाही. ती काठावर सुटून सरळ निघून जाते आणि पाठीमागे एक पोकळी राहते, साधारण गाडीच्या उंचीइतकी लांब, कधी दीडपट. त्या पोकळीत दोन मोठे भोवरे फिरत असतात. वरचा छतावरच्या हवेचा, खालचा गाडीखालून येणाऱ्या हवेचा. दोघेही मध्यभागी हवा उलटी, म्हणजे गाडीच्याच पाठीकडे आणून आपटतात.

या पोकळीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. किंचित म्हणजे खरंच किंचित, ८० च्या वेगाला वातावरणाच्या दाबाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण पाठीचं क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटर. गुणाकार केला तर ढोबळ हिशोबाने २० किलोचं पोतं गाडीला मागून बांधल्यासारखी ओढ येते. डिझेल तिथेही जातं.

आणि या पोकळीच्या अगदी तळाशी, दोन्ही कोपऱ्यांत, कोण बसलंय? मागची चाकं. पिचकारी मारत. चाकाने उडवलेलं सगळं त्या भोवऱ्याच्या तोंडात.

दाणा आणि भुसकट

माझा कोडं सोडवण्याचा पुढचा टप्पा म्हणजे गावातले वेल्डिंगवाले मामा. त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, मडफ्लॅप मोठे करून द्या, जमिनीपर्यंत. ते गाडीची पाठ बघत बसले. मग म्हणाले, "आरं, खळ्यावर उपणलंय का कधी? दाणा खाली पडतोय, भुसकाट वाऱ्यासंगं जातंय. तुझा फ्लॅप दाणा धरंल. भुसकाट कसा धरंल?"

मी बीटेक केलं, त्यात फ्लुइड मेकॅनिक्स होतं, पासही झालो होतो. पण हे वाक्य तिथे कुणी सांगितलं नव्हतं.

खरंच तसं आहे. एक मिलिमीटरचा थेंब शांत हवेत सेकंदाला सुमारे चार मीटर वेगाने खाली पडतो. तो जड, तो हट्टी, चाकाने फेकला त्या दिशेने जातो आणि फ्लॅपवर आपटतो किंवा रस्त्यावर पडतो. पण तोच थेंब फुटून एक दशांश मिलिमीटरचा झाला की पडण्याचा वेग सेकंदाला पाव मीटरच्या आसपास येतो. असा थेंब चाकाचं ऐकत नाही, हवेचं ऐकतो. हवा वळली की तो वळतो. आणि गंमत म्हणजे, मोठा थेंब गुळगुळीत फ्लॅपवर जोरात आपटला की फुटून त्याचेच असले शंभर बारके होतात. म्हणजे माझा नवाकोरा जाड रबराचा फ्लॅप दाण्याचं भुसकट करायचं काम करत होता! (इथे रेकॉर्डिंगमध्ये मी बराच वेळ हसलोय, ते काढून टाकलंय.)

कोरड्या रस्त्यावरची धूळ तर त्याहून हलकी. म्हणून आमच्याकडे, जिथे पाऊसच कमी, तिथेही उन्हाळ्यात गाड्यांच्या काचेवर बोटाने नावं लिहिता येतात. वडापच्या जीपमध्ये मागच्या सीटवर बसून प्रवास केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढचे लोक लग्नाला निघाल्यासारखे उतरतात आणि मागचे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे.

लोकर, स्टिकर आणि एक फसलेला प्रयोग

कार कंपन्या हे बघायला विंड टनेलमध्ये पाण्यात चमकणारा रंग मिसळून उडवतात आणि अतिनील दिव्याखाली फोटो काढतात. कुठे किती बसलं ते उजळून दिसतं. माझ्याकडे आईच्या स्वेटरची उरलेली लोकर होती.

वीतभर लांबीचे तुकडे कापले आणि मागच्या दारांवर ओळीने चिकटपट्टीने लावले. रविवारी पहाटे, नव्या चौपदरी पालखी मार्गावर गर्दी नसताना, मी डबा ६० ने चालवला आणि चुलतभाऊ त्याच्या कारमधून पुरेसं अंतर ठेवून मागे. त्याच्या शेजारी बसलेल्या बहिणीने मोबाइलवर व्हिडिओ काढला. चालवणाऱ्याने काढायचा नाही, हे सांगायला हवं का? हवं.

व्हिडिओ बघण्यासारखा आहे. मला वाटलं होतं सगळे धागे मागे, आमच्या भावाकडे, फडफडतील. एकही नाही! वरच्या ओळीतले धागे छताकडे ताठ उभे, खालच्या ओळीतले बंपरकडे, आणि मधल्या ओळीतले वेड लागल्यासारखे कुठेही. म्हणजे हवा मागून येऊन मध्यावर आपटते आणि तिथून वर-खाली पसरते. पाण्याची नळी भिंतीवर धरल्यावर होतं तसं.

मग मी दारावर पांढऱ्या स्टिकरचे नऊ चौकोन लावले, तीन ओळींत तीन. प्रत्येक फेरीनंतर एकाच जागेवरून, एकाच उजेडात फोटो आणि पायथनची वीस ओळींची स्क्रिप्ट, जी प्रत्येक चौकोनाचा करडेपणा मोजते. खालच्या ओळीत मोठे मोठे शिंतोडे, मध्ये मध्ये पांढरं उरलेलं. मधल्या ओळीत शिंतोडे नाहीतच, स्प्रे पेंटिंग केल्यासारखा एकसारखा थर. खाली दाणा, मध्ये भुसकट. सगळ्यात वरची ओळ त्यामानाने बरीच गोरी. माझे दिवे आणि नंबरप्लेट कुठे होते? बरोबर ओळखलंत. खालच्या आणि मधल्या ओळीच्या मध्ये.

आता फसलेला प्रयोग. फ्लॅप गुळगुळीत असल्याने थेंब फोडतो, मग तो खडबडीत केला तर? युरोपात मोठ्या ट्रकांच्या पाण्याच्या फवाऱ्यावर १९९१ पासून स्वतंत्र नियम आहेत, आणि तिथल्या काही फ्लॅपना गवतासारखी पाती असतात. थेंब पात्यांत शिरतो, जोर मरतो आणि पाणी निथळून खाली पडतं. मी मंडपवाल्याकडून हिरव्या प्लास्टिकच्या हिरवळीचा उरलेला तुकडा आणला आणि डाव्या फ्लॅपवर शिवला. उजवा तसाच ठेवला. ए/बी टेस्टिंग! सॉफ्टवेअरवाल्याचा आवडता खेळ. इंदापूरपर्यंत ओल्या रस्त्यावर जाऊन आलो, स्क्रिप्ट चालवली. डावी आणि उजवी बाजू जवळजवळ सारखीच.

दोन दिवस मी मानून चाललो होतो की हिरवळीचा उपयोग नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. भोवरा म्हणजे मिक्सर. डाव्या चाकाचं आणि उजव्या चाकाचं त्यात एकत्र घुसळून सगळ्या पाठीवर सारवलं जातं. दोन युजर एकाच डेटाबेसमध्ये लिहीत असतील तर कुठली एंट्री कुणाची कळणार कशी? चूक माझ्या प्रयोगात होती. दोन्ही फ्लॅपना हिरवळ लावून, त्याच रस्त्यावर, तशाच पावसानंतर परत गेलो, तेव्हा मधल्या ओळीत फरक दिसला. जादू नाही, पण फरक. आणि जास्त मोठा फरक चुलतभावाने सांगितला, जो मागून येत होता: "आज तुझ्यामागं वायपर कमी लागला." मला हे आधी सुचलंच नव्हतं. माझा फवारा फक्त माझ्या पाठीवर जात नाही, मागच्या माणसाच्या काचेवरही जातो.

तुम्ही हे करणार असाल तर दोन गोष्टी. हिरवळ पक्की शिवा, वायरने, कारण निघून रस्त्यावर पडली तर दुचाकीवाल्याच्या चाकात जाईल. आणि चिखल वाळला की पाती भरतात, मग तो परत गुळगुळीत फ्लॅपच होतो. धुवावी लागते.

छतावरची पट्टी

पुढचा उपाय इंटरनेटवर सगळ्यात जास्त सांगितला जातो: छताच्या मागच्या कडेला वाकवलेली पट्टी लावा, म्हणजे वरची स्वच्छ हवा खाली काचेवर वळेल. अमेरिकेत जुन्या स्टेशन वॅगन गाड्यांना अशी पट्टी मिळायची. कल्पना बरोबर आहे. छतावरून येणाऱ्या हवेत चाकाचा चिखल नसतो, तीच हवा काचेवरून पडद्यासारखी सोडायची. मामांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची करून दिली, कॅरिअरच्या क्लॅम्पवर बसवली, काढता येईल अशी.

काचेचा वरचा वीतभर भाग खरंच स्वच्छ राहिला. पण ६० च्या पुढे पट्टी शिट्टी वाजवायला लागली. हवा जबरदस्तीने वळवायची म्हणजे गाडीला जास्त ओढायचं, डिझेलही जास्त जाणार. आणि मुख्य म्हणजे दिव्यांना काहीच फायदा नाही, ते तितकेच काळे. तेव्हा मी बसून विचार केला की मला नेमकं हवंय काय? मागची काच स्वच्छ हवी, की मागच्याला मी दिसायला हवा? काचेतून मला तसंही बाकावरच्या गाद्याच दिसतात. पट्टी काढून टाकली. ती आता आमच्या शेळ्यांच्या गोठ्यावर पन्हळ म्हणून आहे.

दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या लावायचा उपायही असतो, बाजूची स्वच्छ हवा आत वळवायला. तो मी केला नाही आणि तुम्हीही करू नका. गाडीच्या अंगाबाहेर आलेला पत्रा गावातल्या रस्त्यावर कुणाच्या खांद्याला लागेल सांगता येत नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनासारखे बदल करायला मुळात परवानगी देत नाही.

मग मी काय केलं? कॅमेरा नंबरप्लेटजवळून काढून दारांच्या अगदी वर, छताच्या कडेखाली नेला, खाली बघणारा. तिथे लेन्सवर थर बसतच नाही म्हणता येणार नाही, पण पार्किंग करताना माणूस दिसतो. ज्या वरच्या ओळीचे चौकोन गोरे राहिले होते त्याच उंचीवर एक जास्तीचा ब्रेकलाईट बसवला. मागे लाल आणि बाजूला पिवळी रिफ्लेक्टिव्ह टेप, तीही खालीच नाही, वरही. दिव्यांच्या काचेवर मेणाचं साधं पॉलिश. पॉलिशने चिखल बसायचा थांबत नाही, ही जाहिरातवाल्यांची थाप आहे. फक्त फडकं एकदा फिरवलं की निघतो, घासावं लागत नाही. आणि ते फडकं. पाण्याची एक बाटली आणि सुती फडकं ड्रायव्हरच्या दारात कायम. चहाला थांबलो की आधी मागे जायचं, मग चहा. सगळ्या प्रयोगांत सगळ्यात स्वस्त हेच, आणि अकलूजहून येताना हे केलं असतं तर बाकी काही लागलं नसतं.

एक गोष्ट मात्र चिखलापेक्षा मोठी

हे ज्यांच्याकडे मिनीबस, व्हॅन, जीप आहे त्यांनी नीट वाचा. त्या मागच्या पोकळीत फक्त चिखल फिरत नाही. सायलेन्सरही तिथेच सोडतो. म्हणजे गाडीचा धूरही त्याच भोवऱ्यात फिरत असतो आणि पाठीवर येऊन आपटत असतो. आता मागचं दार किंवा मागची काच उघडी ठेवून गाडी चालवली तर तो धूर आत येतो. उकडतंय म्हणून मागचं दार दोरीने थोडं उघडं बांधून चाललेल्या व्हॅन मी पंढरपूरच्या रस्त्यावर पाहिल्यात, आत लहान मुलं झोपलेली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो गाडी लागली. लिंबू देतो. दार बंद करत नाही.

उकडत असेल तर उलटं करा. मागचं सगळं बंद, आणि पुढून हवा घ्या, ड्रायव्हरच्या डॅशबोर्डवरचा पंखा बाहेरची हवा घेण्यावर ठेवून. आतला दाब किंचित वाढतो, मग फटींमधून हवा बाहेर जाते, आत येत नाही. डब्यातल्या बाकांवरची धूळसुद्धा यानेच कमी झाली. दाराचं रबर वाळलं असेल तर ते बदला, माझं मागच्या दाराचं खालचं रबर बोटाने तुटत होतं. कॅम्पिंगची गाडी असेल तर हे आधी, पडदे आणि लाइटिंग नंतर.

तात्यांची ट्रॉली

हे सगळं घरी सांगत होतो तेव्हा आमचे तात्या म्हणाले, "मग माझ्या ट्रॉलीचं काय? तिचे तांबडे डोळे पंधरा दिवसांत मातीत जात्यात." आधी मी म्हणालो, तेच सगळं लागू. मग थांबलो, कारण लागू नाही. तो वेगाचा वर्ग आठवतोय? ट्रॅक्टर २० ने चालतो. त्या वेगाला चाकाचा जोर ८० च्या सोळावा हिस्सा. थेंब फारसा फुटत नाही, भोवऱ्यालाही दम नसतो. भुसकट जवळपास नाहीच, सगळा दाणा. सायकलवाला पट्टा. म्हणजे जो साधा रबरी फ्लॅप माझ्या डब्यावर अर्धवट चालला, तो ट्रॉलीवर जवळजवळ पूर्ण चालायला हवा.

मामांनी जुन्या कन्व्हेअर बेल्टचे दोन तुकडे कापून ट्रॉलीच्या चाकांमागे लावले. बोल्ट सोडले तर खर्च शून्य. रिफ्लेक्टर चाकाच्या रेषेतून काढून वरच्या फळीवर नेले, कारण ऊस भरला की खालचे तसेही वाढ्यांच्या मागे झाकतात. तीन आठवड्यांनी मी बघितलं तेव्हा ते लाल दिसत होते, हाताने पुसायला लागले नाहीत. तात्यांनी मात्र सांगितलं की पुसतो रोज, "तुझ्या गणितावर ट्रॉली सोडू का काय?"

तर मंडळी, हा भाग इथपर्यंत. पुढच्या भागात डब्याच्या बॅटरीचं, म्हणजे रात्रभर पंखा चालवायचा तर सोलर किती लागतं ते. आणि कुणी लोकरीचा प्रयोग केलाच तर व्हिडिओ नक्की पाठवा, विशेषतः एसटीच्या मागे कार घेऊन जाणाऱ्यांनी. अंतर ठेवून!